खिडकीतलं निनावी झाड

गोल पानांची, मध्याजवळ देठ चिकटलेली ही पायलिया हल्ली कुठल्याही नर्सरीत मिळते. पण पोरांनो, एके काळी ही विकत मिळतच नसे. कुणीतरी दिली तरच आपली.

चीनच्या युन्नान प्रांतात दाली शहरामागे उंच डोंगर आहेत. तिथे सावलीतल्या ओलसर खडकांत ही वाढायची. जॉर्ज फॉरेस्ट या स्कॉटिश माणसानं १९०६ मध्ये आणि पुन्हा १९१० मध्ये तिचे नमुने गोळा केले. १९१२ मध्ये डील्स या जर्मन वनस्पतिशास्त्रज्ञानं तिचं बारसं केलं. मग वाळके नमुने कपाटात गेले आणि बाई विस्मरणात.

पुढे महायुद्ध पेटलं. आग्नार एस्पेग्रेन हा नॉर्वेचा मिशनरी चीनमध्ये होता. लढाई जवळ आली तसा १९४४ मध्ये तो बायकामुलांना घेऊन युन्नानकडे पळाला. तिथे ही त्याच्या हाती लागली. तिची रोपं खोक्यात घालून तो निघाला तो आपल्या कलकत्त्याला. कलकत्त्याचा उकाडा आणि ही डोंगरातली नाजूक पोर! पण तगली हो. १९४६ मध्ये नॉर्वेला पोचली.

तिथे अंगणात लावली असती तर पहिल्याच हिवाळ्यात गेली असती, म्हणून खिडकीत बसली. एस्पेग्रेन देशभर हिंडायचा आणि भेटेल त्याला पिल्लू द्यायचा. ज्यांना मिळालं त्यांनी शेजारणीला दिलं, शेजारणीनं बहिणीला. अशी ती स्वीडनला गेली, इंग्लंडलाही गेली.

एवढी पिल्लं आली कुठून? केळीला बुंध्याशी मुनवे येतात ना, तशी हिलाही मातीखालून येतात. त्याला बी लागत नाही, परागकण लागत नाहीत. म्हणजे पिल्लू ही तिची लेक नव्हेच, तीच ती! एकच झाड हजार खिडक्यांत बसलेलं. मला हे अजूनही भलतंच अजब वाटतं. मात्र पानफुटीसारखी ही उदार नाही. नुसतं पान खोचलंत तर मुळं फुटतील आणि पान तसंच बसून राहील. देठाबरोबर डोळा असलेला खोडाचा तुकडा हवा.

इकडे लोक लंडनच्या क्यू उद्यानाला पानं पाठवून विचारत, हे झाड कुठलं? शास्त्रज्ञ हैराण. झाडाची ओळख पटते ती मुख्यतः फुलांवरून, आणि ही घरात फुलायला महाआळशी. अखेर १९७८ मध्ये फुलोऱ्यासकट नमुना आला, तेव्हा तिथल्या वेसेल मारे यांनी ओळख पटवली. नाव कपाटात, झाड खिडकीत, आणि मधे सहा दशकं गेलेली!

तुम्हाला मैत्रिणीला द्यायची असेल तर पिल्लाला चार पानं येऊ द्या, मग मुळासकट अलगद कापा. एप्रिल-मेच्या उन्हात मात्र देऊ नका, पावसाळ्यापर्यंत थांबा.