दळणाचे पीठ होते, पिठाचे गहू होत नाहीत

वाळूजच्या औद्योगिक वसाहतीत मेंटेनन्सचे काम करणाऱ्या एका वाचकाने बजाजनगरहून विचारले आहे: रात्री-अपरात्री मशीन बंद पडली, की घरूनच मोबाइलच्या हॉटस्पॉटवर लॅपटॉप जोडून कंपनीच्या सर्व्हरमध्ये शिरावे लागते. पासवर्ड दिल्यावर मोबाइलमधल्या अ‍ॅपवरचे सहा आकडे मागतात. शॉपमध्ये पत्र्याच्या शेडखाली रेंज नसते, तरी ते आकडे दर तीस सेकंदांनी बदलतच असतात. ते येतात कुठून? आणि गेल्या आठवड्यात आकडे नीट पाहून टाकले, तरी तीनदा ‘चुकीचा कोड’ का आला?

पहिल्याचे उत्तर असे, की ते कुठूनच येत नाहीत. बँकेचा ओटीपी एसएमएसने येतो, त्याला रेंज लागते. हे आकडे मात्र फोन स्वतःच काढतो. सर्व्हरही आपल्या जागी तेच गणित करतो आणि दोन्ही उत्तरे जुळली, की दार उघडतो.

अ‍ॅप पहिल्यांदा जोडताना स्क्रीनवरचा क्यूआर कोड स्कॅन केलेला आठवतो? त्या चौकोनात एक गुपित होते. तेव्हापासून त्याची एक प्रत फोनमध्ये आहे, एक सर्व्हरमध्ये. (त्या चौकोनाचा फोटो ग्रुपवर टाकणे म्हणजे किल्लीच वाटणे. कृपया टाकू नका.) आता या गुपितात वेळ मिसळायची. 1 जानेवारी 1970 ला ग्रिनिच प्रमाणवेळेनुसार मध्यरात्र झाली, तेव्हा आपल्याकडे पहाटेचे साडेपाच वाजले होते. त्या क्षणापासून तीस सेकंदांचे किती तुकडे उलटले, ते मोजायचे. हा आकडा आता सहा कोटींच्या घरात आहे. गुपित आणि हा आकडा एकत्र करून गणिताच्या गिरणीत टाकला, की वीस बाइटचे पीठ निघते. त्यातले चार बाइट उचलायचे, आणि कोणते चार, हे विसाव्या बाइटनेच सांगायचे! त्यातून जी संख्या बनते, तिचे शेवटचे सहा अंक म्हणजे तुमचा कोड.

सगळी मदार या गिरणीवर आहे. दळणाचे पीठ होते, पिठाचे गहू होत नाहीत. कोड कुणी चोरून पाहिला, तरी त्यावरून गुपितापर्यंत उलटे जाता येत नाही.

इथे संगणकशास्त्रज्ञ लेस्ली लॅम्पोर्ट यांची आठवण काढल्याशिवाय मला पुढे जाववत नाही. संगणकाच्या अभ्यासकांना ते लाटेक्स या अक्षरजुळणीच्या प्रणालीमुळे आणि 2013 च्या ट्युरिंग पुरस्कारामुळे माहीत असतात. पण 1981 मध्ये त्यांनी एकदाच वापरायच्या पासवर्डवर अवघ्या तीन पानांचा निबंध लिहिला, त्याचे नाव फारसे कुणी घेत नाही. त्यांची युक्ती अशी: गुपित हजार वेळा दळा आणि हजाराव्या वेळचे पीठ सर्व्हरकडे ठेवा. पहिल्या दिवशी नऊशे नव्याण्णवाव्या वेळचे पीठ दाखवा. सर्व्हर ते एकदा दळेल, जवळच्या पिठाशी ताडून पाहील आणि पुढच्या खेपेसाठी हे नवे ठेवून घेईल. दुसऱ्या दिवशी नऊशे अठ्ठ्याण्णवावे. यातले सौंदर्य असे, की सर्व्हर फोडला, तरी चोराच्या हाती कालचे पीठच लागते. गहू तिथे नसतातच.

आजच्या अ‍ॅपमध्ये गहू दोन्हीकडे असतात आणि हीच त्याची दुखरी नस. मार्च 2011 मध्ये आरएसए या नावाजलेल्या सुरक्षा कंपनीत चोर शिरले. तिची आकडे दाखवणारी छोटी टोकन जगभरातल्या कंपन्या आणि बँका वापरत होत्या. त्यांच्याशी संबंधित माहिती चोरीला गेली आणि कंपनीला टोकन बदलून देण्याची तयारी दाखवावी लागली. अ‍ॅपच्या कोडचे तांत्रिक मानक त्याच वर्षी, मे महिन्यात प्रसिद्ध झाले. लॅम्पोर्ट यांची युक्ती तेव्हा तीस वर्षे जुनी होती, पण सोय जिंकली. हल्ली ‘पासकी’ नावाने जे येते आहे, त्यात गुपित सर्व्हरकडे जातच नाही आणि तिथे चोरण्याजोगे काही उरत नाही. खोटी वेबसाइट तुमच्याकडून सहा आकडे वदवून घेऊ शकते, पासकी मात्र दुसऱ्या पत्त्यावर चालतच नाही. कंपनीने हा पर्याय दिला, तर जरूर घ्या.

आता दुसरा प्रश्न. मी उलट विचारले, फोनचे घड्याळ हाताने लावले आहे का? उत्तर आले: हो, गेल्या आठवड्यात फर्स्ट शिफ्ट लागली, बस चुकू नये म्हणून दहा मिनिटे पुढे ठेवले. दहा मिनिटे म्हणजे वीस तुकडे. सर्व्हर साधारणपणे एखादा तुकडा मागेपुढे चालवून घेतो, वीस नाही. फोन पुढच्या दहा मिनिटांनंतरचा कोड दाखवत होता. दूरदूरच्या संगणकांची घड्याळे जुळत नसतील तर काय करायचे, यावरचा 1978 चा गाजलेला निबंधही लॅम्पोर्ट यांचाच!

तेव्हा फोनचे घड्याळ ऑटोमॅटिकवर ठेवा आणि बससाठी गजर दहा मिनिटे आधीचा लावा.