क्लूज : जुगाडाचा इंग्रजी चुलतभाऊ

जी.आर.ई.च्या वर्डलिस्ट रात्र-रात्र जागून घोकणाऱ्या मंडळींनाही एक शब्द सहसा भेटत नाही. तो म्हणजे 'क्लूज'. स्पेलिंग के-एल-यू-डी-जी-ई. गंमत म्हणजे शब्द माहीत नसला तरी वस्तू मात्र हॉस्टेलच्या खोल्याखोल्यांत सापडते!

क्लूज म्हणजे एकमेकांशी न जुळणारे भाग कसेबसे जोडून उभी केलेली गोष्ट. चालते, पण बनवणाऱ्यालाच ती दाखवायची लाज वाटते. १९६२ साली जॅक्सन ग्रॅनहोम यांनी 'डेटामेशन' मासिकात क्लूज कसं डिझाइन करावं यावर एक खुसखुशीत लेख लिहिला आणि कॉम्प्युटरवाल्यांत या शब्दाचा बोलबाला झाला.

आता याची भावंडं पाहू. 'वर्कअराउंड' म्हणजे अडचण तशीच ठेवून बाजूने काढलेली वाट. 'स्टॉपगॅप' म्हणजे खरी सोय होईपर्यंतची तात्पुरती सोय. 'ज्युरी-रिग' जहाजांवरून आला. डोलकाठी मोडली की हाताशी असेल त्या लाकडाची उभी करायची. 'पॅच' म्हणजे चक्क ठिगळ. पूर्वी प्रोग्राम कागदी पट्टीवर भोकं पाडून लिहीत, तेव्हा चुकीच्या जागी खरोखरच कागदाचा तुकडा चिकटवत.

आणि मराठीत? 'जुगाड' जवळचा आहे, पण त्यात शाबासकी आहे. क्लूजमध्ये कबुली आहे. म्हणून मला तरी 'थातुरमातुर काम' हाच शब्द जास्त नेमका वाटतो. बोलताना वापर असा : "कोड चालतोय रे, पण तो लूप म्हणजे निव्वळ क्लूज आहे."

क्लूज नेहमी वाईटच असतं असं नाही. १९७० साली अपोलो-१३ च्या यानात कार्बन डायऑक्साइड वाढू लागला. शिल्लक असलेले फिल्टर चौकोनी आणि ज्यात बसवायचे ती जागा गोल! शेवटी प्लॅस्टिकच्या पिशव्या, पुठ्ठा, नळी आणि चिकटपट्टी यांवर तिघांचा श्वास चालला. पण तिथे प्रत्येकाला ठाऊक होतं की हे फक्त घरी पोचेपर्यंत आहे.

घोटाळा होतो तो हे विसरल्यावर. वाय-टू-के वेळी अनेक प्रोग्राम्समध्ये तारखा नीट न करता दोन आकडी सालांना एक हद्द घातली : तिच्या खालची सालं २०००ची, वरची १९००ची. दुरुस्ती नाही, फक्त मुदतवाढ. ज्यांनी ही हद्द २० ठेवली, त्यांच्या दारात २०२० साली तेच भूत पुन्हा उभं राहिलं.

आता आपल्या मजल्यावर या. हीटरच्या रॉडला प्लग नाही म्हणून दोन उघड्या वायरी सॉकेटमध्ये काडेपेटीच्या काड्यांनी ठोकलेल्या, अर्थिंगची वायर हवेत लोंबकळतेय. रॉड गळका निघाला तर करंटला जमिनीत जायला वाट नाही. पाण्यात बोट घालणारा तीच वाट होतो. फ्यूज सारखा उडतो म्हणून जाड तांब्याची तार घातली, तर ती वितळतच नाही आणि भिंतीतली वायरिंग तापत राहते. इथे क्लूजने अडचण दूर केलेली नसते, धोक्याची घंटा तेवढी काढून टाकलेली असते.

तेव्हा मित्रांनो, क्लूज करा, पण त्यावर तारीख टाका. कोडमध्ये असेल तर 'हे तात्पुरतं आहे' अशी कॉमेंट लिहा. आणि वायरिंगमध्ये असेल तर मुळीच करू नका. प्लग चार कपांच्या चहाएवढ्या पैशांत येतो!