पिस्तुलाची पाचवी पिढी

अमेरिकेत राहून रेंजवर जातो म्हटलं की आपली मंडळी दचकतात. पण इंजिनियरला यंत्राचं कुतूहल असणारच! ऑस्ट्रियाच्या ग्लॉक पिस्तुलाची पाचवी पिढी २०१७ साली आली. मुठीवरच्या बोटांच्या खाचा गेल्या. ज्यांची बोटं त्यांत बसत नव्हती ते खूष, सवय झालेले नाराज. स्लाइड अडवणारा खटका दोन्ही बाजूंना आला. आमच्या डावखुऱ्या सौ.ची सोय झाली. एक गोष्ट मात्र तशीच राहिली: साफसफाईसाठी पिस्तूल उघडताना ट्रिगर दाबावाच लागतो. आत गोळी राहिली असेल तर? तेव्हा मंडळी, पिढी कुठलीही घ्या. आधी मॅगझिन काढा, मग स्लाइड मागे ओढून चेंबर डोळ्यांनी आणि बोटानं तपासा. आणि घरात मुलं आहेत, कुलूप विसरू नका.