लोणारचे जीवाणू : जनुकसंचाचे वाचन आणि उद्योग

जीवाणू म्हटले की विद्यार्थ्यांना प्रथम रोग आठवतो. दह्याचे विरजण, शेतातील खत आणि धुण्याची पावडर यांतही जीवाणूंचा वाटा असतो, हे त्यांना सांगावे लागते. आज उद्योगांना उपयोगी जीवाणू शोधण्यासाठी त्यांचा जनुकसंच वाचला जातो. ही प्रक्रिया समजण्यासाठी बुलढाणा जिल्ह्यातील लोणार सरोवराचे उदाहरण सोयीचे आहे.

उल्कापाताने बेसाल्ट खडकात झालेल्या या विवराचा व्यास सुमारे १.८ किलोमीटर आहे. पाण्याला बाहेर वाट नसल्याने बाष्पीभवन होऊन क्षार मागे राहतात. त्यामुळे पाणी खारट व अल्कधर्मी असून त्याचा सामू १० च्या आसपास असतो. अशा पाण्यात तग धरणाऱ्या जीवाणूंची विकरेही अल्कधर्मी माध्यमात काम करू शकण्याची शक्यता असते. धुण्याच्या पावडरीचे द्रावण अल्कधर्मीच असते. त्यात रक्ताचे, दुधाचे डाग काढायचे तर प्रथिने तोडणारे आणि अशा माध्यमात टिकणारे विकर हवे. उद्योगांना लोणारबद्दल कुतूहल वाटते ते यामुळे.

आता वाचन कसे होते ते पाहू. जीवाणूच्या डीएनएमध्ये ए, टी, जी, सी अशी चारच अक्षरे असतात. पण त्यांची संख्या सामान्यतः लाखांत असते. एका दमात सगळे वाचणे कठीण. म्हणून एकाच ग्रंथाच्या अनेक प्रती फाडून तुकडे करावेत, प्रत्येक तुकडा वाचावा आणि दोन तुकड्यांत समान ओळी आढळल्या की ते जोडत जावेत, तसे येथे केले जाते. जोडणीचे काम संगणक करतो. काही जागा रिकाम्या राहिल्या तर त्यास मसुदा जनुकसंच म्हणतात. स्वतंत्रपणे जगणाऱ्या जीवाचा पहिला पूर्ण जनुकसंच १९९५ साली वाचला गेला. तो हिमोफिलस इन्फ्लुएंझा या जीवाणूचा होता आणि त्यात सुमारे १८ लाख अक्षरजोड्या होत्या. धुण्याच्या पावडरीतील विकरासाठी वापरल्या जाणाऱ्या बॅसिलस लायकेनिफॉर्मिसचा जनुकसंच २००४ साली प्रसिद्ध झाला.

लोणारमधून वेगळ्या केलेल्या एका जीवाणूला सेसेंबिया लोनारेन्सिस असे नाव आहे. पहिला शब्द हैदराबादच्या ‘सीसीएमबी’ या संस्थेच्या आद्याक्षरांवरून, तर दुसरा लोणारवरून आला. त्याच्या जनुकसंचाचा मसुदा २०१२ साली प्रसिद्ध झाला. असा मसुदा हाती आला की संगणकावर त्यातील जनुके ज्ञात विकरांच्या जनुकांशी ताडून पाहता येतात. मात्र साम्य आढळले म्हणजे विकर सिद्ध झाले असे नव्हे. ते जनुक सहज वाढणाऱ्या दुसऱ्या जीवाणूत घालून विकर तयार करावे लागते व त्याची कसोटी प्रयोगशाळेतच लागते.

येथे एक गंभीर प्रश्न उभा राहतो. जैविक विविधता अधिनियम २००२ नुसार परकीय संस्थेला भारतातील जैविक संसाधन घेण्यास राष्ट्रीय जैवविविधता प्राधिकरणाची पूर्वपरवानगी लागते आणि लाभाचा वाटा देण्याची तरतूद आहे. पण अक्षरांचा क्रम एकदा सार्वजनिक झाला की सरोवराच्या काठी येण्याचीही गरज उरत नाही. जनुक दूरदेशी बसून कृत्रिमरीत्या बनविता येते. मग लाभ कोणाचा? २०२४ साली कोलंबियातील काली येथे झालेल्या परिषदेत यासाठी निधी ठरला. अशा माहितीतून नफा मिळविणाऱ्या मोठ्या कंपन्यांनी नफ्याच्या १ टक्का किंवा महसुलाच्या ०.१ टक्का रक्कम द्यावी, अशी अपेक्षा आहे; सक्ती नाही.

या प्रश्नाला दुसरी बाजूही आहे. तोच क्रम बिदरच्या मैलूर भागातील विद्यार्थ्यालाही विनामूल्य उपलब्ध आहे. महागडे यंत्र नसले तरी साधा संगणक व इंटरनेट यांच्या आधारे जनुके शोधून ताडण्याचा सराव वर्गात घेता येतो. जी माहिती सर्वांसाठी खुली आहे तिचा लाभ वाचता येणाऱ्यालाच होतो. म्हणून हे वाचन शिकविणे शिक्षकांनी आपले काम मानावे, हे उचित होय.