टाटाला मोफत उपचार होतात, मग पैसे कशाला?



आरतीनंतर कर्करुग्ण मदतपेटीकडे बोट दाखवून बरेच ज्येष्ठ मला विचारतात, "अहो, परळच्या टाटा हॉस्पिटलात गरिबांवर जवळजवळ फुकट उपचार होतात ना? वर सरकारी योजनाही आहे. मग आपण पैसे कशाला पाठवायचे?" प्रश्न रास्त आहे. १९४१ पासून ते रुग्णालय गरिबांचा आधार आहे. महात्मा फुले जन आरोग्य योजनेतही आता कुटुंबाला वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंतचे उपचार मिळतात.

पण समजा, मराठवाड्यातल्या एका शेतमजुराला तोंडाचा कर्करोग झाला. तंबाखूमुळे आपल्याकडे हा फार. निदान होईपर्यंतच्या तपासण्या बहुधा गावाजवळच्या खासगी दवाखान्यात होतात आणि तिथे पैसे खिशातूनच जातात. मग शस्त्रक्रिया, आणि त्यानंतर रेडिएशन. ते आठवड्यातून पाच दिवस, साधारण सहा आठवडे चालते. यंत्राखाली काही मिनिटेच झोपायचे असते, पण त्यासाठी मुंबईत दीड महिना राहावे लागते. सोबत बायको असते, म्हणजे दोघांची मजुरी बुडते. मुले आजीकडे, शेळ्या विकलेल्या. गिळता येत नाही म्हणून नाकातून नळी घातली, तर दूध, पेज, पातळ खाणे दिवसातून अनेकदा द्यावे लागते. ते शिजवायचे कुठे? दादरच्या संत गाडगे महाराज धर्मशाळेत अल्प दरात सोय होते, पण जागा मोजक्या, आणि रुग्ण बिहार-बंगालपासून आलेले. जागा न मिळालेले रुग्णालयाजवळच्या फुटपाथवर प्लॅस्टिक बांधून राहतात. रेल्वे कर्करुग्णाला स्लीपरचे तिकीट पूर्ण माफ करते, सोबत्याला मात्र पाव भाडे पडते.

इथे आपण डॉक्टरकडे जाताना पैशांचे पाकीट नेत नाही. इंग्लंडात कर्करुग्णांना २००९ पासून औषधांच्या चिठ्ठीचेही पैसे पडत नाहीत. म्हणून हा खर्च आपल्या चटकन लक्षात येत नाही.

पैसे संपले की माणूस "चार दिवसांनी येतो" म्हणून गावी जातो. रेडिएशनमध्ये असा खंड पडला की उरलेल्या पेशींना वाढायला अवधी मिळतो, आणि तोंड-घशाच्या कर्करोगात ते नुकसान भरून काढणे कठीण असते. म्हणजे फुकट मिळालेला उपचारही वाया जाऊ शकतो, तोही खोलीच्या भाड्यापायी. माझ्या मते आपली मदत आधी निवारा, जेवण आणि प्रवासासाठीच जावी.

आता देण्याविषयी. व्हॉट्सअॅपवर फिरणाऱ्या खाते क्रमांकावर कृपया पैसे धाडू नका. ब्रिटिश पासपोर्टधारकाने भारतातल्या संस्थेला दिलेली देणगी कायद्याने विदेशी ठरते, मग तुमच्याकडे ओसीआय कार्ड असले तरी. ती घेणाऱ्या संस्थेकडे एफसीआरए नोंदणी हवी. शिवाय ती रक्कम आधी स्टेट बँकेच्या नवी दिल्ली मुख्य शाखेतल्या खात्यातच जमा व्हावी लागते. आपला न्यास ही खात्री करूनच पैसे पाठवतो.

तुम्ही इथे कर भरत असाल, पेन्शनवर का होईना, तर गिफ्ट एडच्या चौकोनात खूण करा. दर पौंडामागे सरकार २५ पेन्स घालते. कर भरत नसाल तर खूण करू नका, नाहीतर ती रक्कम तुमच्याकडून वसूल होऊ शकते. अर्ज चपलांच्या खणाशेजारच्या टेबलावर ठेवले आहेत. चष्मा विसरला असेल तर मला हाक मारा, मी भरून देईन.