प्रत्येक नावाची नोंद

ब्रिटनमध्ये दरवर्षी ११ नोव्हेंबरला सकाळी अकरा वाजता दोन मिनिटे मौन पाळले जाते. १९१८ साली याच दिवशी, याच वेळी पश्चिम आघाडीवरील तोफा थंडावल्या होत्या. ऑस्ट्रेलिया व न्यूझीलंडमध्ये २५ एप्रिलच्या पहाटे लोक एकत्र येतात, कारण १९१५ साली त्यांचे सैनिक त्या दिवशी गॅलिपोलीच्या किनाऱ्यावर उतरले. नेदरलँड्स ४ मे रोजी रात्री आठ वाजता स्तब्ध होते. तिथी निरनिराळ्या असल्या तरी कृतज्ञतेची भावना एकच आहे.

मौन वर्षातून एकदा पाळले जाते. मृतांची नोंद मात्र बारा महिने सांभाळावी लागते. त्यासाठी १९१७ साली ब्रिटिश साम्राज्याने युद्धसमाधी आयोग स्थापन केला. सेनापती असो वा साधा शिपाई, श्रीमंत असो वा गरीब, प्रत्येकाच्या समाधीवर सारखीच शिळा असावी, आणि ज्याचा देह सापडला नाही त्याचे नाव स्मारकावर कोरावे, हे त्याचे तत्त्व. कित्येक कुटुंबांना आपल्या मुलाचा देह घरी आणावयाचा होता. १९२० साली ब्रिटिश संसदेत यावर कळकळीची चर्चा झाली. तरीही समतेचे तत्त्व कायम राहिले. आज भारतासह सहा देशांची सरकारे समाध्यांच्या संख्येच्या प्रमाणात या कार्याचा खर्च उचलतात.

परंतु या चोख वहीतही एक मोठी चूक राहून गेली. पहिल्या महायुद्धात दहा लाखांहून अधिक भारतीय समुद्रापार गेले; चौऱ्याहत्तर हजारांहून अधिक परतले नाहीत. पुणे डिव्हिजनमधील मराठा पलटणी मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकमध्ये, लढल्या आणि कुतच्या वेढ्यात अडकल्या. त्या रणभूमीसाठी बसरा येथे स्मारक उभारले गेले. त्यावर अधिकाऱ्यांची नावे कोरली गेली. सामान्य भारतीय शिपायांसाठी मात्र पलटणीच्या नावाखाली केवळ आकडा लिहिला गेला. व्यापाऱ्याने एखाद्याची आयुष्यभराची ठेव 'किरकोळ' खात्यात टाकावी, तसाच हा प्रकार होता.

एप्रिल २०२१ मध्ये आयोगाच्या चौकशी समितीने हा भेदभाव मान्य केला. निदान १ लाख १६ हजार मृतांची, बहुतांशी आफ्रिका व मध्यपूर्वेतील सैनिक आणि हमाल यांची, नावानिशी स्मृती राखली गेली नाही, असे त्या अहवालात नमूद आहे. आयोगाने जाहीर क्षमा मागितली आणि राहिलेली नावे शोधण्याचे काम हाती घेतले.

पुण्याजवळ खडकी येथे याच आयोगाची युद्धसमाधिभूमी आहे. तेथे दुसऱ्या महायुद्धातील सोळाशेहून अधिक सैनिक विसावले आहेत. दूरदेशीच्या त्या मुलांच्या शिळा आपल्या मातीत शंभर वर्षांच्या नियमाने एकसारख्या जपल्या जातात. आपल्या गावच्या मुलाचे नाव बसऱ्यातही तितक्याच निगुतीने लिहिले जावे, एवढीच न्याय्य अपेक्षा. शिपाई गेला, त्याचे आईवडीलही गेले. तरी नावाचे देणे फिटलेले नाही. ती नोंद पुरी होईपर्यंत हा हिशेब मिटला असे म्हणता येणार नाही.