द्वंद्वखेळांतील प्रतिनिधी

निरनिराळ्या व्हिडिओ खेळांतील वीर एकाच आखाड्यांत उतरविले, कीं कोणत्या मूळ खेळाचे किती घ्यावेत हा बिकट प्रश्न उभा राहतो. 'सुपर स्मॅश ब्रदर्स' खेळांत १९९९ सालीं अवघे १२ वीर होते. २०१८ च्या 'अल्टिमेट'मध्यें एकट्या 'फायर एम्ब्लेम'चेच ८ झाले, आणि तेही बहुतेक खड्गधारी! परंतु नुसती संख्या मोजून भागत नाहीं. वीर कोणत्या रूपानें येतो, हेंही पाहिलें पाहिजे.

आपला धालसीमच घ्या. १९९१ च्या 'स्ट्रीट फायटर २'मधील ८ निवडक वीरांत जपानचे २, अमेरिकेचे २, भारताचा हा एकटा योगी. पुढें १९९६ सालीं तो 'एक्स-मेन'च्या वीरांबरोबर एका आखाड्यांत उतरला. हातपाय दूरवर लांबतात, म्हणून चाल मंद ठेविली. बलाचा तोल असा साधला. पण गळ्यांत कवट्यांची माळ, मुखांतून अग्नि! वाचकहो, असा गृहस्थ आपल्या वाशीच्या स्थानकावर कधीं कोणीं पाहिला आहे काय?